चाळीतल्या बायकांचा नळ

सत्तरच्या दशकात सोलापुरात मी इतिहास घेऊन बी.ए. करत होतो. इतिहास म्हणजे सर सांगतील ते उतरवून घ्यायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. शेवटच्या वर्षी नवे सर आले आणि पहिल्याच तासाला म्हणाले, "या शहराबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?" असलं काही आम्हाला कधी कोणी विचारलंच नव्हतं.

सरांनी ओळखीतून एका गिरणीच्या जुन्या कचेरीतली खोली उघडून घेतली. दर शनिवारी आम्ही तिथं जायचो. नाकाला रुमाल बांधायचा, फडक्यातले कागदांचे गठ्ठे सोडायचे, वाचायचे आणि आपला प्रश्न आपणच शोधायचा. सर कोपऱ्यात स्टुलावर बसत. काही विचारलं की म्हणत, "मलाही माहीत नाही. बघू या."

माझ्या जोडीला विणकर घरातली एक मुलगी होती, घरी तेलुगू बोलणारी. मी मोहोळकडच्या खेड्यातला. माझं 'हाय-न्हाय' ऐकून मुलं हसतील म्हणून वर्गात तोंडच उघडत नसे. आम्हाला पन्नासेक वर्षांपूर्वीचा एक अर्ज सापडला. चाळीतल्या बायकांनी गिरणीकडे नळ मागितला होता, खाली नावं आणि अंगठे. वर साहेबाचा शेरा: नळ बसवला, अर्ज निकाली. मला वाटलं, संपलं आपलं काम.

ती म्हणाली, "चाळीत जाऊन विचारू या की."

चाळीत एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. तेलुगूत विचारल्यावर ती हसत सुटली. मुलीनं मला सांगितलं, "त्या म्हणतायत, नळ कसला? लग्न होऊन आल्यावर कितीतरी वर्षं विहिरीवरनंच पाणी आणलं."

पुढच्या शनिवारी कचेरीत आम्ही हे सांगितलं आणि वाद पेटला. एक हुशार मुलगा म्हणाला, "म्हातारं माणूस विसरतं. कागद विसरत नाही." निम्मा वर्ग त्याच्या बाजूनं. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "तुम्हीच ठरवा."

मी कधी उभा राहिलो, मलाच कळलं नाही. "नळ आला नसंल तर बायकांनी परत मागितला आसंल की. म्होरच्या सालातले गठ्ठे बघू."

कोणी हसलं नाही.

बरेच शनिवार गेले. शेवटी तो दुसरा अर्ज माझ्या जोडीच्या त्या मुलीलाच सापडला. चाळ तीच, मागणी तीच: कबूल केलेला नळ अजून मिळालेला नाही. त्या हुशार मुलानं तो हातात घेतला, दोनदा वाचला आणि मग स्वतःच मोठ्यानं सगळ्यांना वाचून दाखवला.

या नळाबद्दल आम्ही जे लिहिलं, ते सरांनी चाळीत नेऊन वाचायला लावलं. बायका जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी माझ्या बोलीत वाचत होतो, ती तेलुगूत सांगत होती. अंगठ्यांजवळची नावं सुरू झाली तशा बायका पुढं सरकल्या. सासूचं नाव कानावर पडताच एका आजीनं डोक्यावर पदर ओढून घेतला. नंतर हळूच म्हणाली, "परत वाच ना, बाळा."

परीक्षेत यातलं काही आलं नाही. आम्ही पास झालो, पांगलो. सरही दुसऱ्या गावी गेले. तरी आमच्यातले दोघे-चौघे भेटले की अजून तोच वाद निघतो: साहेबानं खोटं लिहिलं, की त्यालाच कोणी खोटं सांगितलं? चहा गार होतो. निकाल काही लागत नाही.