पहिल्या पानापासून

नांदेडच्या चर्चमध्ये नवशिक्यांसाठी बायबलचा वर्ग सुरू झाला, तेव्हा मी आणि माझी धाकटी जाऊ दोघी जायला लागलो. पोथीच्या सवयीनं मी रोज आंघोळ करून पहिल्या पानापासून पारायणच धरलं आणि वंशावळ्यांत अडकले. ती स्वयंपाक करता करता थेट येशूची गोष्ट वाचायची. पानांना हळदीची बोटं! तरी वर्ग घेणारे पाळक म्हणाले, "यांच्यासारखं वाचा." मला लई झोंबलं. मी उठून दाराशी जाऊन बसले.

मग पाळकांनी गोष्ट सांगितली. उधळ्या धाकट्या मुलासाठी बापानं मेजवानी दिली, तर राबणारा थोरला रुसून बाहेरच उभा राहिला.

"त्याचं काय चुकलं?" मी ताडकन विचारलं.

सगळे हसले. जाऊ हसली नाही. बाकावर सरकून तिनं माझ्यासाठी जागा केली.

मी जागची हलले नाही.