दीड लग्नाचा फोन

बिश्केकमध्ये फोनची बॅटरी किती टिकते, हे मेदेर लग्नांत मोजायचा.

लग्न त्याचं स्वतःचं. व्हिडिओ पाच तास वीस मिनिटांचा. शूटिंगवाल्याने तासावर पैसे ठरवले होते, त्यामुळे त्याने एकही पाहुणा सोडला नव्हता. नवा फोन हाती आला की मेदेर तो पूर्ण चार्ज करायचा, स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणायचा आणि व्हिडिओ लावून द्यायचा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. फोन बंद पडला की वेळ लिहून ठेवायचा. चांगला फोन पावणेचार लग्नं काढायचा. एक फोन मामांच्या भाषणातच गेला होता. तेवढं लिहिलं की 'ताराझा'च्या वाचकांना कळायचं. ताराझा म्हणजे तराजू, त्याची वेबसाइट. मामांनाही कळलं होतं. ते वर्षभर बोलले नाहीत.

नऊ वर्षांत त्याच्या बायकोने, बेगाइमने, स्वतःचं लग्न स्वयंपाकघरातून शेकडो वेळा ऐकलं होतं.

"एकाच माणसाशी इतक्या वेळा लग्न झालेली बाई जगात दुसरी नसेल," ती म्हणायची. "आणि एकदाही आहेर नाही."

खोटं नव्हतं. मेदेर फोन विकत घेऊन तपासायचा आणि मग तोट्यात विकायचा. कंपन्यांचे फुकट फोन घ्यायचा नाही. पूर्वी जाहिरातींवर भागायचं. मग लोकांनी वेबसाइट उघडणंच सोडलं. कोणता फोन घेऊ, हे फोनलाच विचारायचे आणि फोनच सांगायचा. उत्तर मेदेरचं, शब्दसुद्धा त्याचेच. फक्त त्यासाठी त्याच्या दारात कोणी येत नव्हतं. घर बेगाइमच्या औषधाच्या दुकानातल्या पगारावर चालत होतं. एक मेपर्यंत सर्व्हरचे वर्षाचे एकवीस हजार सोम भरायचे होते. नाही भरले तर ताराझा बंद. यंदा माझ्या पगारातून नाही, असं बेगाइमने सांगून टाकलं होतं.

मार्चमध्ये मेदेरच्या सासूबाईंनी, उल्कान आपांनी, नवा फ्रिज घेतला. त्यांच्या नऊ मजली इमारतीतून बायका येऊ लागल्या. आत यायचं, फ्रिज पाहायचा, वर नोट ठेवायची, चहा प्यायचा. नवं काही पाहिलं की पाहणाऱ्याने पैसे द्यायचे. बाळ असो, नवरी असो, गाडी असो. याला कोरुमदुक म्हणतात आणि ते चुकवणाऱ्याचं नाव पुढची दहा वर्षं निघतं.

"अकरा हजार झाले," आपा म्हणाल्या. "वरचे तीन मजले अजून यायचेत."

फ्रिज ट्रॅक्टरसारखा घरघरत होता. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"तूही लोकांना नवे फोन दाखवतोस ना रे?"

"दाखवतो, आपा."

"मग कोरुमदुक?"

"वाचक आहेत ते."

"डोळे आहेत ना त्यांना? नऊ वर्षं फुकट दाखवत बसलास. म्हणून माझी पोर उभ्याने खोकल्याची औषधं विकते."

त्या आठवड्यात ताराझावर प्रत्येक लेखाखाली एक ओळ आली: 'नवा फोन पाहिलात. कोरुमदुक?' खाली देणाऱ्यांच्या नावांची यादी. यादीत नाव नसणं कोणालाच परवडणारं नव्हतं. तीन आठवड्यांत एकोणीस हजार जमले. मॉस्कोत टॅक्सी चालवणाऱ्या एकाने एकट्याने हजार पाठवले.

पैशांबरोबर निरोपही येत. 'माझ्याकडे हा फोन आहे, त्याचं जरा बरं लिहा. मेहुण्याकडे तो दुसरा आहे. त्याचं जे असेल ते लिहा.' असे दहा-बारा आल्यावर मेदेरला उमगलं. लोकांना खरं हवं असतं, पण मेहुण्याच्या फोनचं.

एप्रिलमध्ये आपांकडे रिस्पेक चहाला आला. आपांच्या गावचा. आता बाहेरून फोन आणणारा, शहरात अकरा दुकानं असलेला. त्याने मेंढीची मांडी आणली, मिठाईचा डबा आणला. मग पांढऱ्या रेशमी रुमालातून एक फोन काढला आणि मेदेरपुढे उघडला.

"अजून दुकानात आलेला नाही. तू पहिला पाहणारा."

मेदेरने पाहिला. मग त्याच्या लक्षात आलं. तोवर उशीर झाला होता. त्याने खिसे चाचपले. बसचं कार्ड निघालं आणि चाळीस सोम.

"राहू दे," रिस्पेक म्हणाला. "पैसे माझ्याकडे आहेत. तुझ्याकडे शब्द आहे. खिशात नसेल तर आशीर्वाद द्यावा, चालतं."

"बाइके," मेदेर थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणाला, "तपासल्याशिवाय मी—"

"तपास म्हटलं का मी? लोकांच्या बाळाला तू तपासून आशीर्वाद देतोस?"

आपांनी दोन्ही तळवे वर करून समोर धरले आणि वाट पाहत बसल्या. आपा तळवे धरून बसल्या असताना जावयाने तर्क लढवायचा नसतो. मेदेरनेही तळवे धरले.

"बॅटरी दीर्घायुषी होवो," तो म्हणाला.

"ओमीन," म्हणून सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. रिस्पेकच्या ड्रायव्हरने मात्र फिरवला नाही. तो दारात उभा राहून व्हिडिओ घेत होता.

आठवड्यात अकरा दुकानांवर मेदेर झळकला. तळवे वर, डोळे अर्धे मिटलेले. खाली मोठ्या अक्षरांत: 'ताराझाचा मेदेर म्हणतो, बॅटरी दीर्घायुषी होवो.' बसथांब्यावर एका म्हाताऱ्याने त्याला वाकून सलाम केला.

मग रिस्पेकचा फोन आला. "मे महिन्यापासून दरमहा चाळीस हजार. कोरुमदुक समज. अट काही नाही. फक्त त्या फोनचं मोजमाप छापू नकोस. आशीर्वाद झालाय ना, आता मोजायचं काय?"

मेदेर हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तो त्सुम या शहरातल्या मोठ्या दुकानात गेला आणि जमलेल्यातले चौदा हजार देऊन, एव्हाना विक्रीला आलेला तोच फोन विकत आणला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याने लग्न लावलं. दुपारी एक लग्न पार पडलं. दुसरं सुरू झालं. मामांचं भाषण झालं. रस्सा वाढला गेला. बेगाइम हात पुसत येऊन शेजारी बसली. पडद्यावर नवरी आत आली, तोंडावर ओढणी. आत्याबाईंनी ओढणी उचलायला हात घातला आणि स्क्रीन काळी झाली.

"दीड," मेदेर म्हणाला.

"चाळीस हजार महिन्याला," बेगाइम म्हणाली.

"हो."

ती त्या काळ्या स्क्रीनकडे पाहत राहिली.

"माझं तोंडसुद्धा दिसू दिलं नाही मेल्याने," ती म्हणाली. "लिही."

त्याने चार वाक्यं लिहिली. 'आशीर्वाद मी दिला. तो मागे घेत नाही. पण लागला नाही. दीड लग्न.'

तासाभरात रिस्पेकचा फोन आला. "आशीर्वाद देऊन वर मोजलंस?"

"आशीर्वाद तुम्ही मागितला होता, बाइके. मोजतो मी रोजच."

पाट्यांवरून तो उतरला. ती चार वाक्यं शहरभर झाली, म्हणजे लोकांनी आपापल्या फोनला विचारलं आणि फोनने सांगितलं: 'ताराझाच्या मते बॅटरी दीर्घायुषी असून दीड लग्न टिकते.' त्या आठवड्यात कोरुमदुक आलं तीनशे सोम. सर्व्हरला अजून पंधरा हजार सातशे कमी होते. ज्यांनी तो फोन घेतला होता त्यांना दिलेले पैसे परत हवे होते, पण कोरुमदुक परत मागता येत नाही. म्हणून त्यांनी फक्त शिव्या लिहिल्या. मेदेरचा स्वतःचा दीड लग्नाचा फोन कोणी विकत घेईना.

तीस एप्रिलला आपांनी दोघांना बोलावलं. टेबलावर तळलेल्या पिठाचं गरम बोरसोक, जर्दाळूचा जॅम आणि एक पाकीट होतं.

"सोळा हजार आहेत. वरचे तिन्ही मजले येऊन गेले." त्यांनी पाकीट पुढे सरकवलं. "तुझं लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं. पाहिलं म्हणून देते."

"आपा, रिस्पेक बाइके आता तुमच्याकडे यायचे नाहीत."

"बरंच झालं. चार-चार चमचे साखर घ्यायचा." त्यांनी चहा ओतला. "एकच सांगते. माझ्या फ्रिजबद्दल काही लिहायचं नाही."

कोपऱ्यात फ्रिज घरघरत होता. त्याचं दार नीट लागत नव्हतं, खाली पाण्याचं थारोळं होतं, त्यावर आपांनी जुना टॉवेल टाकला होता. मेदेरने हे सगळं आत येतानाच पाहिलं होतं. बेगाइम त्याच्याकडे बघत होती.

त्याने बोरसोक जॅममध्ये बुडवलं.

"छान आहे फ्रिज, आपा," तो म्हणाला आणि पाकीट खिशात घातलं.