बर्फातली डबी

आमच्या ह्यांना बर्फाच्या कारखान्यात सगळे गारोबा म्हणतात. लाद्या फोडायच्या, भुशात गुंडाळायच्या, टेम्पोत चढवायच्या, यातच अर्धं आयुष्य गेलं. घरीही तेच. दूध आणलं की बर्फ, मासळी आणली की बर्फ, माझा पाय मुरगळला तरी बर्फ! माणूस लाखात एक, पण स्वतःच्या तपासणीचं नाव काढलं की दातखीळ बसायची.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. सुया, नळ्या, गोळ्या, सगळं माझ्याच वाट्याला. माझ्यात काही दोष निघाला नाही, तरी सासूबाईंची जीभ थांबेना. आल्यागेल्यासमोर म्हणायच्या, "सुनेचं नशीबच खोटं." आणि हे खाली मान घालून जेवत राहायचे. असा राग यायचा म्हणून सांगू!

शेवटी मीच पदर खोचला. "तपासून घेताय, की मी माहेरी जाऊ?"

"अगं, कापतात म्हणे," हे पुटपुटले. कारखान्यातल्या कुणा शहाण्याने डोक्यात भरवलं होतं.

डॉक्टरीणबाई हसल्याच. "कापायचं नाही, टोचायचं नाही. वीर्याचा नमुना डबीत द्यायचा, बस्स. इथे संकोच वाटत असेल तर घरून आणा, पण लगेच आणा. पुढे लागलीच तर सोनोग्राफी, तीही वरूनच."

ह्यांनी घरून नेला. मी देव पाण्यात घालून बसले. निकाल आला, एकही शुक्राणू हलत नव्हता.

हे भिंतीला टेकून खालीच बसले. "तू दुसरं लग्न कर," म्हणाले.

"डोकं ठिकाणावर आहे का?" मी ओरडले, आणि ओरडता ओरडता रडले.

माझा काही त्या निकालावर विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी त्यांना ओढतच प्रयोगशाळेत नेलं. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "नमुना आणला कसा होता?"

"एकदम व्यवस्थित," हे तोऱ्यात म्हणाले. "थर्मासमध्ये, चहूबाजूंनी बर्फ ठेचून. नाशवंत माल बर्फाशिवाय कोण नेतं?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो दादा, गारठले की बिचारे! अंगाच्या उबेत आणायचा असतो."

डॉक्टरीणबाईंनी काही आठवडे थांबून पुन्हा नमुना मागितला. या खेपेला डबी शर्टाच्या आत, पोटाशी. अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखे हे रिक्षात बसले होते, खड्डा आला की रिक्षावाल्यावर डाफरत होते. प्रयोगशाळेतल्या बाईंनी ह्यांना सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं.

"हलतायत गं!" हे एवढ्याने ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

संख्या मात्र कमी होती, म्हणून सोनोग्राफी झाली. "जेली गार लागेल हं," असं सांगितल्यावर हे म्हणाले, "गार? मला?" वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या दिसल्या, संख्या कमी होती ती त्यामुळेच. "यावर उपाय आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात टेकायची वेळ मुळीच आलेली नाही."

घरी आलो तर शेजारीण बसलेली, आणि सासूबाईंचं माझ्या नशिबाचं पुराण सुरू. ह्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"आई, कमी माझ्यात आहे. उपचारही माझ्यावरच होणार आहेत. यापुढे हिला एक शब्द बोलायचा नाही."

गारोबा म्हणणाऱ्यांनी तेव्हा तो आवाज ऐकायला हवा होता. मी आत जाऊन पोटभर रडले. रडून रडून डोळे सुजले, तर हे बर्फ घेऊन हजर.