बारशातला निळा पडदा

माझ्या भाचीचं नाव तिच्या आत्याने ठेवलं नाही, एका सॉफ्टवेअर कंपनीमुळे ते मावशीने ठेवलं. आत्या म्हणजे मीच.

माझा धाकटा भाऊ विनय मस्कतला असतो. त्याला नि त्याच्या बायकोला, सायलीला, मुलगी झाली आणि बारशाला मी रत्नागिरीहून व्हिडिओवर नाव सांगायचं ठरलं. नाव निवडायचा मानही माझाच. मी ‘वसुंधरा’ ठरवलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं (आमच्या ह्यांनासुद्धा, त्यांच्या पोटात अळूवडीखेरीज काही राहत नाही).

अकराला मी पैठणी नेसून कॉम्प्युटरसमोर बसले. पाठीत धपाटे घालायला इथे बायका नव्हत्या, म्हणून ते काम ह्यांना दिलं होतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण ह्यांना एवढ्या उत्साहाने तयार झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं! तिकडे विनयने लॅपटॉप पाळण्याशी ठेवला. मी पुढे वाकून “कुर्रर्र...” म्हटलं, पाठीत धपाटा बसला आणि पडदा निळा झाला!

‘अद्ययावत करत आहोत. बंद करू नका. चार टक्के.’

“अहो, किती जोरात मारलंत!”

“मी काही केलं नाही. अपडेट आहे ते.”

“मी परवानगी कुठे दिली?”

“तुला विचारतंय कोण!”

विनयला फोन लावला, तर तो मुका करून खिशात. एकतीस टक्क्यांवर मी देवापुढे निरांजन लावलं. बावन्नवर कॉम्प्युटर आपला आपण बंद झाला, आपला आपण चालू झाला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला!

पाऊण तासाने तिकडचं दिसलं, तेव्हा सगळे पेढे खात होते.

“ताई, झालं गं बारसं,” विनय म्हणाला. “तुझं नुसतं कुर्रर्र ऐकू आलं नि पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. मग सायलीच्या बहिणीने उरकलं. मायरा!”

“मावशीने? अरे, नाव ठेवायचा हक्क आत्याचा! फक्त आत्याचा!”

“ही तर तुझी मक्तेदारीच झाली, ताई.”

मक्तेदारी! तीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. हा शब्द फळ्यावर लिहून त्याखाली दोन-दोन रेघा मारल्या! मावशीला मी जागच्या जागी माफ केलं; खरी मक्तेदारी तर त्या कंपनीची! मोठ्या कंपन्या बाजारात दांडगाई करतात का, हे बघायला सरकारने दिल्लीला एक कार्यालय ठेवलंय. तिथे तक्रार करायचीच, असं मी पैठणी न सोडता ठरवलं.

“अगो, कंपनी मोठी झाली म्हणून काय तिच्यावर कारवाई?” हे म्हणाले. “चांगला माल दिला, लोकांनी घेतला.”

“मोठी होवो की! पण मी दुसऱ्या छोट्या कंपनीचं व्हिडिओचं घातलं होतं ना? दर अपडेटला ते कोपऱ्यात जातं नि हिचं पुढे येऊन बसतं. घर माझं, आणि पाट कुणाचा कुठे मांडायचा ते ही ठरवणार?”

“मग वापरू नको तिचं.”

“दुकानात दुसरं मागितलं तेव्हा दुकानदार हसला होता. तुम्हीपण हसलात!”



तीन दिवसांत सात पानं झाली. हाताने लिहिली, शत्रूच्या यंत्रावर शत्रूची तक्रार टाइप करणं मला पटेना. पण अर्ज ऑनलाइनच पाठवायचा होता. तेव्हा मारुती मंदिराजवळ शबानाच्या टायपिंगच्या दुकानात गेले. शबाना माझी जुनी विद्यार्थिनी.

तिने पहिलं पान वाचलं. “बाई, ह्या कंपनीची तक्रार ह्याच कंपनीच्या प्रोग्राममध्ये टाइप करू?”

“दुसरा नाही?”

“होता ना. चांगला होता. पण गिऱ्हाइकाने घरी फाईल उघडली की अक्षरं विस्कटायची. नाटे गावच्या एकांच्या लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन आले! सोडला मग.”

“शबाना, हाच तर पुरावा!” मी अशी ओरडले, की झेरॉक्सला आलेले दोन गृहस्थ बाहेर जाऊन उभे राहिले. आठवं पान मी तिथेच उभ्याने लिहून काढलं.

टायपिंग संपलं. शबाना फाईल सेव्ह करणार, तोच मधोमध चौकट आली: ‘आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.’

“एक दे! शून्य असलं तर शून्य दे!”

“नको बाई! मागे दोन दिले, तर कारणं विचारत बसला नि मशीनच अडकलं. सगळं काम उडालं.”

“मग चौकट बंद कर.”

“तारे दिल्याशिवाय जातच नाही.”

चौकटीच्या मागे माझी आठ पानं अडकली होती. मी डोळे मिटले. “दे,” म्हटलं, “काय द्यायचे ते दे.”

तक्रार त्याच दुपारी गेली, पोचही आली. मी मागे हटणार नाही. बोलावलं तर दिल्लीला जाईन, पैठणी नेसून जाईन, आठही पानं वाचून दाखवीन! तिथे कंपनीच्या वकिलाने फक्त तो एक अभिप्राय काढू नये. पाच तारे, ‘अतिशय उत्तम सेवा’, आणि खाली, अर्जाच्या सवयीने शबानाने टाकलेलं माझं पूर्ण नाव, निवृत्त शिक्षिका.