मुनिराखालाचा थाळा

माझ्या मुनिराखालाला, म्हणजे मावशीला, समाजसेवा जमत नाही. हे मी नाही म्हणत, प्रवासी भगिनी सेवा मंडळाच्या अध्यक्षा फखरुन्निसाबाई म्हणतात. आणि त्या म्हणाल्या की विषय संपला, कारण १९६३ सालच्या कुवेतमध्ये नवऱ्याची मोटार आणि स्वतःचा कॅमेरा दोन्ही असलेली आमच्या लोकांतली बाई त्या एकट्याच.

खालाकडे काय आहे? चौथीपर्यंतची शाळा, बाणकोटच्या तांडेलाची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, मुलगी असल्याचा ताठा, मिरकाब मोहल्ल्यातल्या दोन खोल्या आणि नवरा, आमचे नूरुद्दीनखालू. खालू सिमेंटच्या गोदामात कारकून. मूलबाळ नाही. म्हणून बीएच्या सुट्टीत मी पंधरा दिवसांसाठी गेले आणि तिने मला दोन महिने सोडलंच नाही.

मंडळ दर शुक्रवारी जहरा गावाच्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं. घर नवंकोरं. लोखंडी पलंग, पांढऱ्या चादरी, डोक्यावर पंखा. आत सगळे जुने दर्यावर्दी, ज्यांनी जन्मभर मोती काढले नाहीतर गलबतं हाकली, आणि आता ज्यांचं करायला कोणी नाही ते. आमची सेवा अशी की प्रत्येकाला एक संत्रं द्यायचं, दोन मिनिटं हसायचं, फोटो काढायचा, पुढचा पलंग. हुसेनचाचांना तर मंडळाने ल्यूडो भेट दिला होता. चाचांना दिसत नव्हतं! खाऱ्या पाण्यात बुड्या मारून मारून डोळे गेलेले. पण यादीत 'विरंगुळा' लिहिलेलं होतं ना, मग देऊन टाकला.

हेच हुसेनचाचा तीन आठवडे जेवत नव्हते. नुसता चहा. डॉक्टर म्हणाला, पुढच्या शनिवारपर्यंत जेवले नाहीत तर इस्पितळात हलवतो, नळीने भरवू. इस्पितळात गेलेला कोणी त्या घरात परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. चाचांनी खालाची ओढणी धरली आणि मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाले, "बहन, उधर नहीं."

मी तिथेच रडायला लागले. फखरुन्निसाबाई म्हणाल्या, "असमा, पेशंटसमोर रडू नये. आपण व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा ठराव करू."

खाला मात्र जेवणाची वेळ होईपर्यंत हलली नाही. जेवण आलं. प्रत्येकाच्या मांडीवर खणाखणांचं एक पत्र्याचं ताट, एक चमचा, तोंड भिंतीकडे. बाकीचे दोन घास चिवडून ठेवत होते. चाचा तेवढंही नाही.

"अगो, असा एकटा कोण जेवतो?" परत येताना खाला गाडीत म्हणाली. "चोराला पण तुरुंगात शेजार असतो."

आमच्याकडे घरी एकच मोठा तांब्याचा थाळा असतो. भोवती चौघं-पाचजण बसायचे, मधे भाताचा ढीग, ज्याने त्याने आपल्या बाजूने खायचं. एकटीने जेवायचं म्हणजे खालाला शिक्षाच. खालू गोदामातून यायला चार वाजले तर ही चारपर्यंत उपाशी.

पुढच्या शुक्रवारी तिने भात केला, पापलेटचं कालवण केलं आणि थाळा चादरीत बांधून खालूंच्या हातात दिला. खालू घाबरले.

"मुनिरा, म्हाताऱ्यांच्या घरच्या साहेबांना इचारलंस काय?"

"साहेब जेवतात ना येळेवर? मग त्यांना कशाला तरास?"

तिने वॉर्डात जमिनीवर चटई टाकली. हुसेनचाचा आणि आणखी तिघांना खाली बसवलं, मधे थाळा ठेवला. घरच्या साहेबांनी दारातून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, पण फखरुन्निसाबाईंचा कॅमेरा दिसल्यावर त्या पुसल्याही. वास असा सुटला होता की मलाच बसावंसं वाटलं.

"हुसेनचाचा," खाला म्हणाली, "तुम्ही मेहमान. बिस्मिल्ला करो."

आमच्यात पाहुणा पहिला हात घालतो. चाचांचा हात भातापर्यंत आला होता, तो चटका बसल्यासारखा मागे गेला. बाकीच्या तिघांनीही हात मांडीवर ठेवले. एक मिनिट, दोन मिनिटं. चार भुकेले म्हातारे, समोर वाफाळता भात, आणि कोणी शिवेना.

"मी म्हटलं होतं मुनिरा," फखरुन्निसाबाई म्हणाल्या, "सेवेला एक पद्धत असते."

मला इतका राग आला की मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात खालाने स्वतःच्याच कपाळावर फाडकन मारून घेतलं. "या अल्ला! तांडेलाची पोर मी, आणि मनाच उमगला नाय! गलबतावर नाखुद्यानं हात घातल्याबिगर कोण जेवतो? मी खलाशाला नाखुद्याच्या जागी बसवलं. तो कसा खाईल?"

नाखुदा, म्हणजे गलबताचा कप्तान, त्या घरात एकच होता. यूसुफ. शेवटच्या खोलीत पाय मोडून पडलेला, कुणाशी न बोलणारा, मंडळाचं संत्रं खिडकीबाहेर फेकणारा. फखरुन्निसाबाईंच्या वहीत त्याच्या नावापुढे 'असहकार' असं लिहिलेलं.

खाला थेट आत. मागे मी, माझ्या मागे खालू.

"नाखुदा, खाना लगा है. चलो."

म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. "मेरा जहाज तोड़ के लकड़ी बना दिया. कैसा नाखुदा?"

"जहाज गया, खलाशी तो बैठा है! हुसेन चार हफ्ते से भूखा. कल उसको ले जाएँगे. अल्ला किसको पूछेगा? हमको? हम तो बावर्ची है!"

म्हाताऱ्याने उशाशी हात नेला. मला वाटलं आता पाण्याचा तांब्या फेकून मारणार.

"कितना आदमी है?" त्याने विचारलं.

"चार."

"हात धोने को पानी लाओ."

खालूंच्या खांद्यावर भार टाकून तो निघाला. बाणकोटची खाडी ओलांडतानासुद्धा ओकणारे आमचे खालू नाखुद्याला आधार देत चाललेत, हे दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याचा खोकला ऐकून हुसेनचाचांनी मान वर केली आणि सरकून जागा केली. यूसुफने बिस्मिल्ला म्हटलं, भातात हात घातला, पहिला घास खाल्ला, आणि माशाचा एक तुकडा काटे काढून चाचांच्या बाजूला सारला.

चाचांनी खाल्ला. मग दुसरा. मग मी मोजलंच नाही, कारण पुन्हा रडत होते.

शनिवारी डॉक्टर येणार म्हणून खालाने खालूंना अर्धी सुट्टी घ्यायला लावली आणि सिमेंटच्या ट्रकमधून थाळा घेऊन आम्ही परत तिथे. डॉक्टर आला तेव्हा पाचही जण गोल बसलेले, बोटं बरबटलेली. त्याच्या हातात इस्पितळाचा कागद.

"हुसेन कुठे?" त्याने रिकामा पलंग पाहून विचारलं. "उठताही येत नाही म्हणाले होते तो?"

तेवढ्यात हुसेनचाचांनी घास चावता चावता खालाच्या दिशेने बोट केलं.

"ए बहन! आज चावल कच्चा है."

माझ्या खालाच्या भाताला नाव ठेवून आजवर कोणी जिवंत सुटलेलं नाही. खालूसुद्धा वीस वर्षं गुमान खातायत.

"कच्चा?" खाला कमरेला ओढणी खोचून उभी राहिली. "चावल कच्चा नहीं है! तुम्हारे मुँह में दात नहीं है!"

"दात नहीं है, जीभ तो है," चाचा म्हणाले. यूसुफ नाखुदा एक घास खाऊन, नीट विचार करून म्हणाला, "थोड़ा कच्चा है."

झालं. पाच म्हातारे एकीकडे, खाला एकीकडे, आवाज पार रस्त्यापर्यंत. डॉक्टरने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो कागद घडी करून खिशात घातला आणि साहेबांना म्हणाला, "उद्या भात जरा जास्त शिजवायला सांगा."