ताईचं हाय आणि न्हाय

ताईला "न" म्हणता येत नाही. नारळाला ती आरळ म्हणते, नळाला अळ. त्याने फारसं अडत नाही. अडतं ते एकाच शब्दाशी. आमच्या घरात "भूक हाय काय?" असं विचारतात आणि उत्तर येतं "हाय", नाहीतर "न्हाय". ताईचं "न्हाय"सुद्धा "हाय" असंच ऐकू येतं. म्हणून घरी आम्ही तिच्या हनुवटीकडे बघतो. हनुवटी छातीला टेकली की न्हाय, वर राहिली की हाय. बाहेरच्या माणसांना हे सांगायची वेळ कधी आली नव्हती, कारण बाहेरचं कुणी तिला काही विचारतच नसे.

ताई माझ्याहून मोठी. तालुक्याच्या गावी तिच्यासारख्या गतिमंद मुलांची शाळा होती, पण तिथे अठरा वर्षांपर्यंतच ठेवत. त्यानंतर ती घरीच. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, आई सकाळी मासळी घेऊन बाजारात बसते. ताईला एकटं ठेवता येत नाही. एकदा ओहोटीच्या पाण्यातून ती चालत पार खडकांपर्यंत गेली होती, आणि आईला कळलं तेव्हा भरती लागली होती. तेव्हापासून आई बाजारातून येईपर्यंत घरी मी थांबायचे.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही, त्यामुळे हजेरी कमी पडली की काय होतं हेही मला उशिरानेच कळलं. सरांनी बोलावून सांगितलं, असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नाही. मी घरी सांगितलं. आई बोंबील वाळत घालत होती. ती म्हणाली, "हिची कुठं सोय झाली तर बघू. न्हायतर तू घरी बसशील, दुसरं काय?" ती रागाने बोलली नाही. मलाही राग आला नाही. मी खाली बसून तिच्यासोबत बोंबील लावायला लागले.

तळा गावाच्या वाटेवर ताईसारख्या मोठ्या मुलामुलींसाठी एक कॉलेज आहे, हे मला त्या सरांनीच सांगितलं. तिथे बेकरी, शिवण, रोपवाटिका असं शिकवतात, एकट्याने एसटीने कसं जायचं तेही शिकवतात. आठवडाभर तिथेच राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. मी अर्ज भरला. कागद जोडले. काही दिवसांनी भेटीला बोलावलं.

त्या सकाळी आईने ताईला निळी साडी नेसवली. ताई साडी कधीच नेसत नाही. केसांत अबोलीचा गजरा, हातात बांगड्या. शेजारची काकी दारात येऊन उभी राहिली.

"काय गो, दाखवायला नेतेस काय हिला?"

"व्हय," आई म्हणाली, "पसंत पडली तर पहिला पेढा तुला."

काकी हसली. मी आईला म्हटलं, "आये, ड्रेस घाल तिला, हे बघायला येतात तसलं नाही." आई म्हणाली, "बघनारच ना ते? मग?" वाटेत दिघीच्या जेटीवर, मग फेरीबोटीत आई तिला घोकून घेत होती. विचारलं तर नाव सांगायचं. विचारलं तर हाय म्हणायचं. मान खाली घालायची नाही. आगरदांड्याला उतरेपर्यंत ताईची हनुवटी ताठ वर राहिली होती.

कॉलेजच्या ऑफिसात एक मॅडम होत्या, आईच्या वयाच्या. त्यांनी ताईला पाणी दिलं, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि हळू विचारलं, "इथे आमच्याकडे राहायला आवडेल तुला?"

"हाय," ताई म्हणाली. हनुवटी वर.

आईने माझ्याकडे बघितलं. मॅडम काहीतरी लिहायला लागल्या. मला सोपं होतं. गप्प बसायचं होतं फक्त. पण ती हनुवटी ताईची नव्हती, आईने बोटीत वर धरायला लावलेली होती. त्यामुळे मला खरंच कळलं नव्हतं की ताई काय म्हणाली.

मी म्हटलं, "मॅडम, ती न्हाय पण असंच म्हणते."

"म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. न येत नाही, हनुवटी, सगळं. मॅडमनी पेन ठेवलं आणि ताईला विचारलं, "आता घरी जायचंय का?"

"हाय," ताई म्हणाली. हनुवटी तिथेच.

मॅडमनी लिहिलेला कागद बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, त्या कुणालाही तिच्या मनाविरुद्ध ठेवून घेत नाहीत. जागा त्या थोडे दिवस अडवून ठेवतील, तोवर आठवड्यातून दोनदा तिला आणा, दिवसभर बसू दे, मग बघू.

बाहेर आल्यावर आईने माझा दंड धरला. "कशाला बोललीस गो मधी? तुला कोनी इचारलेलं? म्हनाली व्हती ना ती हाय!"

"आये, आपल्याला माहीत नाही ती काय म्हणाली."

"तुला तुझं कालेज नको हाय काय?"

खरं सांगायचं तर तेव्हा मला कॉलेज हवं की नको हेही जाणवत नव्हतं. ताई गजरा सोडवून एकेक फूल रस्त्यावर टाकत होती.

पुढचे काही आठवडे आठवड्यातून दोनदा फेरीबोट, मग एसटी. मी तिला सोडायचे आणि बाहेर पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे. पान उलटायचे, पण काय वाचलं ते आठवायचं नाही. आता ती ड्रेस घालायची. आत ती कागदी पिशव्यांच्या टेबलाशी बसायची, कधी भिंतीकडे तोंड करून. आवडतंय का, असं विचारलं की हाय. हनुवटी कधी वर, कधी खाली, एकाच दिवशी दोन्ही.

एका दुपारी आतून आरडाओरडा ऐकू आला. मी धावले. एक मुलगी ताईच्या स्टुलावर येऊन बसली होती आणि ताई तिचा दंड धरून तिला ओढत होती. ओरडत होती, "माझी! माझी!" मॅडमनी दोघींना वेगळं केलं. मी माफी मागितली. मला वाटलं, संपलं. पायऱ्या उतरताना मी मनात हिशोबही मांडून टाकला की आता माझ्या कॉलेजमधून माझं नाव काढायला कुठला अर्ज लागतो ते विचारायला हवं. वाईट वाटलं नाही.

घरी आईला सांगितलं. आई मासळीची टोपली धूत होती. ती थांबली.

"कुनाशी भांडली?"

"एका मुलीशी. ती हिच्या जागेवर बसली म्हणून."

"रोज एकाच जागेवर बसते काय ही?"

"बसते. खिडकीजवळ."

आई हसायला लागली. कितीतरी दिवसांनी अशी मोठ्याने हसली. "मग राहतेय ती," म्हणाली.

आमच्या बाजारात जागा कुणाला लिहून दिलेली नसते. जिची टोपली रोज जिथे, ती तिची जागा. एक दिवसापुरती आलेली बाई कुठेही बसते, कुणी उठवलं तर उठते. जिला उद्याही यायचं असतं तीच भांडते. आईने त्या जागेसाठी किती भांडणं केलीत ते मी लहानपणापासून पाहिलंय, पण ताईचं भांडण बघताना मला ते सुचलं नव्हतं.

पुढच्या खेपेला आई स्वतः आली. बाजार बुडवून. मॅडमना तिने हे सगळं तिच्या भाषेत सांगितलं, हातवारे करून. मॅडम ऐकत राहिल्या, मधे एकदा हसल्या, मग आत जाऊन ताईला बराच वेळ बघून आल्या. आल्यावर त्यांनी माझ्यापुढे प्रवेशाचा शेवटचा कागद ठेवला. त्यात एका ओळीत विचारलं होतं की प्रवेशार्थीची स्वतःची इच्छा काय आहे आणि ती कशी व्यक्त केली.

मी लिहिलं, "जागेसाठी भांडली."

मॅडमनी वाचलं. "वरच्यांना हे कळणार नाही गं," त्या म्हणाल्या. "पुढे 'इच्छा आहे' असंही लिही."

मी तेही लिहिलं. पहिलं खोडलं नाही. आईने खाली सही केली, तिला वेळ लागतो सहीला. मी तोवर खिडकीतून बघत होते. ताई तिच्या स्टुलावर बसून पिशवीला खळ लावत होती. मला वाटलं होतं, या वेळी तरी रडू येईल किंवा आनंद होईल. तसं काही झालं नाही. आईने पेन मला परत दिलं आणि आम्ही दोघीच एसटीच्या थांब्याकडे निघालो.