दंडवताची रेघ

माझी बायको अकरा वर्षं देवापुढे मूल मागत होती. त्यातली शेवटची सहा वर्षं मी तिच्या शेजारी हात जोडून उभा राहायचो आणि मनातल्या मनात एवढंच मागायचो, की शाळेच्या कपाटातला तो कागद कुणाच्या हाती लागू नये. हे लिहिताना आजही लाज वाटते. असे अनुभव सांगणारी माणसं बहुधा श्रद्धेपासून सुरुवात करतात. माझ्याजवळ श्रद्धा नव्हती, नुसती भीती होती. भित्र्या आणि खोट्या माणसालाही देव दारातून हाकलून देत नाही, एवढं सांगण्यापुरताच माझा अधिकार आहे.

मी डोणगावकडच्या एका शाळेत कारकून आहे. दुसऱ्यांच्या लेकरांचे दाखले लिहायचे, जन्मतारखा पडताळायच्या, खाडाखोड दिसली की कागद परत करायचा, हे माझं काम. लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा मी घरी न सांगता अकोल्याला जाऊन स्वतःची तपासणी करून आलो. अहवालात शुक्राणूंच्या रकान्यात शून्य होतं. महिन्याभराने दुसऱ्या गावी पुन्हा केली, तिथेही शून्यच. दाखल्यात एक काना चुकला तरी खपवून न घेणारा मी, तो कागद घडी घालून जुन्या हजेरीपटांच्या मागे सारला आणि बायकोला सांगितलं, माझं सगळं ठीक आहे. तिच्या डॉक्टरबाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून फाइलवर 'पती नॉर्मल' असं लिहिलं. पुढे आम्ही डॉक्टर बदलत गेलो, प्रत्येकाने आधीची फाइल वाचली आणि ती एक ओळ आमच्यासोबत गावोगाव फिरत राहिली.

त्या ओळीपायी तिने काय काय सोसलं ते मी शेजारी बसून पाहिलं. पोटात टोचायची इंजेक्शनं झाली, गोळ्यांनी अंगावर सूज आली, दुर्बिणीचं एक ऑपरेशन झालं. सोमवार, शुक्रवार, चतुर्थी धरून आठवड्यातले निम्मे दिवस ती उपाशीच असायची. माझी आई मनाने वाईट नाही, पण माझ्या धाकट्या भावाच्या मुलीच्या बारशाला तिने हिला हळूच सांगितलं, की तू स्वयंपाकघरातच थांब, पाळण्याजवळ येऊ नको. मी दाराबाहेरच पडवीत पंगतीला बसलो होतो. मला ते स्वच्छ ऐकू आलं. मान खाली घालून मी वाढप्याकडे आणखी बुंदी मागितली. रोज एकदा तरी वाटायचं की आज सांगून टाकू. मग वाटायचं, आता इतकी वर्षं लोटल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार? हळूहळू तिने रडणं सोडलं, बोलणंही कमी केलं. घरात तीन माणसं होती आणि दिवसभर फक्त भांड्यांचा आवाज यायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तिच्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी मंगळवारची तारीख दिली. त्याआधी तिने माहेरच्या देवीला दंडवताचा नवस बोलला. तिचं माहेर अमडापूरच्या अलीकडे आहे. गावातल्या मारुतीच्या पारापासून टेकडीवरच्या देवीच्या पायरीपर्यंत, मुरमाच्या रस्त्याने, दंडवत घालत जायचं होतं. मी लगेच हो म्हटलं. लोकांना वाटलं, नवरा किती समजूतदार आहे. खरी गोष्ट अशी की चमत्काराची गरज तिच्यापेक्षा मला जास्त होती. तिला दिवस गेले असते तर मला जन्मभर खरं बोलावं लागलं नसतं. देवीने माझं खोटं निभावून न्यावं, अशी माझी प्रार्थना होती.

दंडवताची रीत अशी असते. ओलेत्याने निघायचं, दोन्ही हातांत नारळ धरून रस्त्यावर पालथं पडायचं आणि हात पुढे लांबवायचे. नारळ जिथे टेकेल तिथे घरच्या माणसाने काठीने रेघ ओढायची. मग उठून त्या रेघेवर पाय ठेवायचे आणि पुन्हा आडवं व्हायचं. रेघ ओढायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी निघालो तेव्हा मुरूम गार होता. नऊ वाजता तो तापायला लागला. दहाच्या सुमारास तिचे कोपर सोलले होते आणि कपाळाला खडे चिकटून बसले होते. ती उठायची तेव्हा क्षणभर तोल जायचा. मला ते पाहवेना. एका बाभळीजवळ आलो तेव्हा मी रेघ नारळापासून वीतभर पुढे ओढली. ती पालथी असल्यामुळे तिला कळलं नाही. पुढच्या वेळी दीड वीत ओढली. कुणाचं काय बिघडणार होतं? उलट मला बरं वाटलं. बऱ्याच वर्षांनी आपण बायकोसाठी काहीतरी केलं, असं वाटलं.

वाटेला लागून एका शेतात कांदा काढणं चाललं होतं. कोणी दंडवत घालत निघालं की आमच्याकडे रस्त्यालगतची माणसं पुढे पाणी शिंपडत जातात. तशा एक म्हाताऱ्या बाई काम टाकून कळशी घेऊन आल्या आणि बायकोच्या पुढे पाणी शिंपडत चालू लागल्या. पाच-सहा रेघा त्यांनी पाहिल्या. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "बापू, रेघ पुढं सरकून राह्यली तुमची."

मी म्हटलं, ऊन फार आहे, तिचे हात बघा. त्यांनी बघितले.

"दिसते मले. पन बोललं तिनं हाय, तुम्ही नाई. तिच्या मांगं तिचं कमी करून राह्यले. तिले इचारलं काय?"

रागावून नव्हत्या बोलल्या. शेजारच्या शेतात गुरं शिरली तर सांगावं, तसं साधं सांगितलं. सहा वर्षांत मी तिला काहीच विचारलं नव्हतं. तिला काय सोसेल, काय झेपेल, काय कळू द्यायचं, सगळं मीच ठरवत आलो होतो आणि त्याला माया म्हणत होतो. हातातली काठी मी खाली ठेवली. मी रस्त्यातच खाली बसलो. बायको उठून रेघेवर येऊन उभी राहिली होती, माझ्याकडे पाहत होती. तिला वाटलं मला ऊन लागलं.

"थांब जरा," मी म्हणालो. "तुह्यात काईच दोष नाई. माह्यात हाय. मी तपासलं होतं, तुले सांगतलं नाई."

तिने कपाळाला चिकटलेले खडे पुसून काढले. मग तिने विचारलं, "कधी तपासलं?"

"सहा वर्षं झाले."

"म्हणजे माह्या ऑपरेशनच्या आधी."

मी हो म्हटलं. ती किंचाळली असती, नारळ माझ्या डोक्यात घातला असता, तर मला सोपं गेलं असतं. तिने तसं काही केलं नाही. बाईंचं बोलणं तिने ऐकलं होतं. कुठपासून रेघा पुढे ओढल्या, एवढंच तिने विचारलं. मी मागच्या बाभळीकडे बोट दाखवलं. तिने माझ्यापुढची काठी उचलली, त्या बाईंच्या हातात दिली, उलट्या दिशेने चालत बाभळीपर्यंत गेली आणि तिथून पुन्हा पालथी पडली.

तो सगळा रस्ता तिने दुसऱ्यांदा केला. बाई रेघ ओढत होत्या, नारळ टेकेल तिथेच. मी कळशी घेऊन विहिरीवर जात होतो, पाणी आणून पुढे शिंपडत होतो आणि ते बघता बघता वाळत होतं. मी आयुष्यात कधी इतकं मनापासून देवीचं नाव घेतलं नव्हतं. काही मागण्यासाठी नव्हे. मागायला तोंडच उरलं नव्हतं. देवीच्या पायरीला नारळ टेकवून ती उठली आणि मला म्हणाली, "मंगळवारची तारीख तुम्हीच रद्द करा. कारण सांगून करा." त्यानंतर ती भावाच्या घरी गेली आणि मी एकटा बसने परत आलो.

पुढचे दोन महिने ती माहेरी होती. मी डॉक्टरांना कारण सांगितलं. आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत उलटली नाही. बाहेर बोलू नको म्हणाली, पण मी भावाला आणि भावजयीलाही सांगितलं. एकदा आईने सुनेला फोन लावला, तिचा आवाज ऐकला आणि फोन माझ्या हातात दिला. मला जगावंसं वाटत नव्हतं हे खोटं नाही. पण इतक्या वर्षांनी पहिल्यांदा झोप लागत होती, हेही खरं.

त्या म्हाताऱ्या बाईंना मी नंतर शोधत गेलो. त्या कुठे अंतर्धान वगैरे पावल्या नव्हत्या, त्याच शेतात निंदणीला होत्या. माझी त्यांना ओळख लागली नाही. बायको मात्र आठवत होती. तिचे कोपर बरे झाले का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना देवी म्हणत नाही. देवीला ज्या दिवशी मला अडवायचं होतं त्या दिवशी त्या तिथे कांदा काढत होत्या, एवढंच म्हणतो.

शाळा उघडायच्या आठवड्यात ती परत आली. माफ केलं असं मी म्हणणार नाही, असं तिने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांनी दुसऱ्या पुरुषाच्या बीजाचा मार्ग सुचवला होता. मी तिला विचारलं. ती म्हणाली, आता अंगावर काही नको. मग दत्तकाचा विषय तिनेच काढला. नोंदणी केली, चौकशीला दत्तक संस्थेच्या बाई घरी येऊन गेल्या, आणि मूल नसण्याचं कारण त्यांनी विचारलं तेव्हा मी आईसमोर माझं कारण सांगितलं. तेव्हापासून वाट पाहतो आहोत. यादी लांब आहे. फोन येईल की नाही, आला तर तेव्हा आमची वयं काय असतील, काही ठाऊक नाही. संध्याकाळी घर अजूनही तितकंच सुनं वाटतं.

कृपा म्हणजे मागितलेलं मिळणं, असं मी समजत होतो. मला तर जे मागितलं त्याच्या अगदी उलट मिळालं, आणि त्यासाठीच मी देवीचा ऋणी आहे. शरण जायचं तर आपलं खोटं घेऊन जाता येत नाही, ते वाटेतच ठेवावं लागतं, इतकं मला कळलं.

यंदा चैत्रात आम्ही पुन्हा गेलो. नवस नव्हता, नुसतं दर्शन. गाभाऱ्याशी उभा राहिलो आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की मी बाप होणार नाही याचं दुःख मी कधी केलंच नव्हतं. लपवण्यातच सगळी वर्षं गेली होती. तिथे, माणसांच्या रांगेत, मला हुंदका फुटला आणि थांबेना. मागचे लोक पुढे सरका म्हणत होते. मी डोळे पुसत बाजूला होऊ लागलो तर बायकोने माझ्या दंडाला धरून मला खांबाजवळ उभं केलं. दंडवताच्या त्या दिवसानंतर तिने मला पहिल्यांदा हात लावला होता.

"रडून घ्या," ती म्हणाली. "मी हाय इथंच."